दोष स्विचचा, आळ बल्बावर : घरच्या ऑटोमेशनसाठी नेटवर्क स्विच घेताना या चुका टाळा

आमच्या घरी दोन आठवडे एक विचित्र प्रकार चालला होता. वीज जाऊन आली की ऑटोमेशन अगदी शहाण्यासारखं वागायचं. आईने जिन्यातलं बटण दाबलं की दिवा लागायचा आणि तो लागल्याची नोंद फोनवरही यायची. पाचेक मिनिटं गेली की दिवा लागायचा, नोंद मात्र बंद. मी फोनवरून सांगितलं तर दिवा निमूट ऐकायचा. आईने बटण दाबलं तर फोनला पत्ताच नाही. मी भिंतीतला रिले (दिवा चालू-बंद करणारी डबी) बदलला, वायफायचं चॅनल बदललं, होम असिस्टंट (ऑटोमेशन चालवणारं सॉफ्टवेअर) पुसून पुन्हा टाकलं. आईचं म्हणणं एकच : "अरे, पूर्वी बटण दाबलं की दिवा लागायचा. त्यात काय वाईट होतं?"

दोष रिलेचा नव्हता, वायफायचाही नव्हता. माळ्यावर लुकलुकत बसलेल्या, घरच्या नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणाऱ्या आठ पोर्टांच्या स्विचचा होता. (दुकानात नुसतं 'स्विच' म्हणू नका, समोर भिंतीवरच्या बटणांचा कॅटलॉग येतो. 'नेटवर्कचा' म्हणायला विसरू नका.) या डबीची गंमत अशी की ती बिघडली तरी स्वतः बिघडल्यासारखी दिसत नाही. बल्ब रुसलेला दिसतो, कॅमेरा मेलेला दिसतो, इंटरनेट कंपनीला शिव्या बसतात. म्हणून घेतानाच काही गोष्टी बघून घेतलेल्या बऱ्या.

वेगाच्या आकड्याला भुलणं

रिले, सेन्सर, झिगबीचा (बिनतारी सेन्सरांच्या जाळ्याचा) कोऑर्डिनेटर यांची देवाणघेवाण चिमूटभर असते. चार मेगापिक्सेलचा कॅमेरासुद्धा साधारण चार एमबीपीएसवर सुखाने चालतो. असे आठ कॅमेरे लावले तरी बेरीज ३२. गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएसचा) घ्या, हरकत नाही, फाइल सर्व्हर असेल तर घ्याच. पण वेगावर अडून बसलं की वीज आणि उष्णता या खऱ्या प्रश्नांकडे दुर्लक्ष होतं.

जुन्या राउटरचा स्विच करताना डीएचसीपी चालू ठेवणं

जुना राउटर पडूनच आहे, त्याला पाठीमागे चार पोर्ट आहेत, मग नवीन स्विच कशाला? विचार काटकसरीचा आहे आणि चालतोही. फक्त त्याचं डीएचसीपी (उपकरणांना नेटवर्कवरचे पत्ते वाटण्याचं काम) बंद करावं लागतं, त्याचा स्वतःचा पत्ता बदलावा लागतो, आणि केबल 'वॅन' पोर्टात न घालता 'लॅन' पोर्टात घालावी लागते. हे राहिलं तर घरात पत्ते वाटणारे दोघे होतात. काही बल्बांना १९२.१६८.०.* मिळतो, काहींना १९२.१६८.१.*, आणि एका वाड्यात राहून ते एकमेकांना ओळखत नाहीत. दर वीज गेल्यावर वेगळेच बल्ब हरवत असतील, तर आधी हे तपासा.

सीसीटीव्हीवाल्याचा पीओई स्विच आहे तसा वापरणं

पीओई म्हणजे एकाच केबलमधून डेटा आणि वीज. कॅमेऱ्याबरोबर आलेला असा स्विच घरात असतोच, मग त्यावरच हब (ऑटोमेशनची मुख्य डबी) आणि टच पॅनेल लावायचा मोह होतो. यापैकी बऱ्याच डब्यांवर नखाएवढी एक सरकपट्टी असते. एका बाजूला 'एक्स्टेंड', दुसऱ्या बाजूला 'व्हीएलएएन' किंवा 'आयसोलेट' असं काहीतरी लिहिलेलं. एक्स्टेंडवर ठेवली की कॅमेऱ्याची केबल १०० मीटरच्या नेहमीच्या मर्यादेपलीकडे, २५० मीटरपर्यंत नेता येते. त्या बदल्यात त्या पोर्टांचा वेग १० एमबीपीएसवर येतो. आयसोलेटवर ठेवली की प्रत्येक पोर्ट फक्त अपलिंकशी (राउटरकडे जाणाऱ्या पोर्टाशी) बोलतो, शेजाऱ्याशी नाही. कॅमेऱ्यांसाठी ही सोय उत्तम. पण हब एका पोर्टात आणि पॅनेल शेजारच्या पोर्टात असेल, तर दोघांनाही इंटरनेट मिळतं आणि एकमेकांचा मात्र थांगपत्ता नसतो. इंटरनेट चालू दिसल्यामुळे नेटवर्कवर कुणाला संशयही येत नाही. ओळखीच्या एका घरी या पट्टीपायी टच पॅनेल दोनदा बदलून झालं होतं.

पोर्ट मोजणं, वॅट न मोजणं

खोक्यावर 'आठ पीओई पोर्ट' लिहिलेलं असतं, आणि त्याखाली बारीक अक्षरात एकूण वॅट. ८०२.३ एएफ या २००३च्या मानकाप्रमाणे एक पोर्ट १५.४ वॅटपर्यंत देऊ शकतो, केबलमधली घट धरता उपकरणापर्यंत १२.९५ पोचतात. २००९च्या ८०२.३ एटीमध्ये हाच आकडा ३० आणि २५.५. आठ पोर्ट गुणिले १५.४ म्हणजे १२३.२ वॅट. पण डबीचा पॉवर सप्लाय कित्येकदा ६५ वॅटचाच असतो.

आता घरचा हिशोब मांडा, आणि तो रात्रीचा मांडा. कॅमेरा दिवसा पाच वॅट खाईल. अंधार पडून इन्फ्रारेड दिवे लागले की नऊपर्यंत जाईल. चार कॅमेरे ३६ वॅट, दोन ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणाऱ्या डब्या) प्रत्येकी १२ म्हणजे २४, दाराची बेल सहा. बेरीज ६६, सप्लाय ६५. दिवसभर सगळं छान चालतं आणि ऐन दिवेलागणीला एखादा कॅमेरा किंवा बेल गप्प होते, कारण भार झेपेनासा झाला की स्विच सर्वांत कमी प्राधान्याचं पोर्ट तोडतो. रोज संध्याकाळी तेच उपकरण जात असेल तर ते उपकरण बदलण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. खरेदी करताना एकूण भाराच्या दीडपट तरी वॅट असावेत, असं माझं मत.

आणखी एक. मानकाप्रमाणे चालणारा स्विच वीज सोडण्याआधी समोर कोण आहे ते तपासतो. समोरच्याने सुमारे २५ किलोओहमचा रोध दाखवला तरच वीज सुटते. 'पॅसिव्ह' पीओई अशी चौकशी करत नाही, सहसा २४ व्होल्ट थेट ढकलतो. त्यात साधं उपकरण खोचलं तर ते जळू शकतं. डबीवर ८०२.३ एएफ किंवा एटी असं छापलेलं नसेल तर ती फडताळातच राहू द्या.

'मॅनेज्ड' स्विच घेऊन सगळी सेटिंग्ज चालू करणं

आता आमच्या जिन्याची गोष्ट. मी हौसेने सेटिंग्जवाला स्विच आणला आणि 'आयजीएमपी स्नूपिंग' असं भारदस्त नाव दिसल्यावर ते चालू केलं. मल्टिकास्ट म्हणजे गावात दिलेली दवंडी : एकाने सांगायचं, ज्यांनी नाव नोंदवलंय त्यांनी ऐकायचं. भिंतीतले काही रिले बटण दाबल्याची बातमी अशीच दवंडीने देतात. केएनएक्स या ऑटोमेशनच्या मानकाचं आयपी राउटिंगही २२४.०.२३.१२ या मल्टिकास्ट पत्त्यावरच चालतं. स्नूपिंग चालू असलेला स्विच नोंदवही ठेवतो आणि नाव असलेल्या पोर्टावरच दवंडी पाठवतो. पण वहीतली नावं ताजी राहायला कुणीतरी अधूनमधून "अजून कोण कोण ऐकतंय?" अशी हाक मारावी लागते. ती हाक मारणारा म्हणजे क्वेरिअर. घरगुती राउटर हे काम बहुधा करत नाही. मग काय होतं? ठरलेल्या वेळेप्रमाणे २६० सेकंदांनी नाव वहीतून खोडलं जातं आणि दवंडी थांबते.

२६० सेकंद म्हणजे चार मिनिटं वीस सेकंद. आमची 'पाचेक मिनिटं' तीच. वीज आली की होम असिस्टंट उठून नव्याने नाव नोंदवायचं, म्हणून सुरुवातीला सगळं सुरळीत. फोनवरची आज्ञा थेट रिलेच्या पत्त्यावर जायची, तिला वहीशी देणंघेणं नव्हतं, म्हणून दिवा ऐकायचा. कोडं सुटलं तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो.

उपाय दोन : स्नूपिंग बंद करा, किंवा एखाद्या स्विचवर क्वेरिअर चालू करा. वीस-तीस उपकरणांच्या घरात मी बंदच ठेवतो. 'सुरू झाल्यावर थोडा वेळ चालतं, मग नाही' असं लक्षण दिसलं की घड्याळ लावून बघा.

स्पॅनिंग ट्री (केबलींचा लूप, म्हणजे गोल फेरा, झाला तर तो तोडणारी सोय) हेही असंच एक प्रकरण. त्याच्या जुन्या पद्धतीत पोर्ट जागं व्हायला ३० सेकंद घेतं. तेवढ्यात एखादं उतावीळ उपकरण पत्ता मागून दमतं आणि १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता स्वतःच लावून बसतं. उपकरणांच्या पोर्टांना 'एज' किंवा 'पोर्टफास्ट' करून टाका. पण स्पॅनिंग ट्री किंवा निदान लूप ओळखण्याची सोय स्विचमध्ये असू द्या. दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी लोंबकळणाऱ्या केबलचं मोकळं टोक 'व्यवस्थित' म्हणून त्याच स्विचमध्ये खोचतं, आणि इथरनेटच्या फ्रेमला (डेटाच्या पाकिटाला) मरण नसल्यामुळे ती गोल गोल फिरत राहते. स्विचवरचे सगळे दिवे एका तालात वेड्यासारखे लुकलुकताना दिसले तर आधी ती केबल शोधा.

वीज आणि ऊन

राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावून निर्धास्त झालेली घरं पुष्कळ. वीज गेली की वायफाय जिवंत राहतं, आणि माळ्यावरचा स्विच झोपलेला. पीओई स्विचला तर ४८ व्होल्ट किंवा वर लागतात, त्या छोट्या यूपीएसचा त्याला काही उपयोग नाही. घरी इन्व्हर्टर असेल तर स्विचचा प्लग त्याच्या लाइनवर घ्या आणि इन्व्हर्टर 'यूपीएस' मोडवर ठेवा. दुसऱ्या मोडमध्ये विजेवरून बॅटरीवर जायला लागणाऱ्या क्षणार्धातही स्विच रीस्टार्ट होऊ शकतो.

घरगुती स्विच साधारण ० ते ४० अंशांसाठी बनवलेले असतात. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात बाहेरच ४५ असतं, गच्चीखालच्या माळ्यावर बंद पत्र्याच्या पेटीत काय असेल ते बघा. दर दहा अंशांनी कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. धातूची बॉडी घ्या, भोवती चार बोटं मोकळी जागा सोडा. 'स्विच गेला' म्हणून फेकलेल्या डब्यांपैकी बऱ्याच जणींचा फक्त अडॅप्टर गेलेला असतो. स्विचवरचे सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागत असतील तर त्याच व्होल्टचा, तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा आणि तशाच पिनचा दुसरा अडॅप्टर लावून बघा.

फाटकावरच्या कॅमेऱ्यापर्यंत तांब्याची केबल नेताना वळवाच्या आणि परतीच्या पावसातल्या विजा आठवा. अंगणातून आलेली तार विजेला थेट तुमच्या स्विचपर्यंत वाट करून देते. तेवढ्या टप्प्यापुरती फायबर टाकली तर काचेतून वीज येत नाही. सर्ज प्रोटेक्टर लावायचा तर अर्थिंग चांगलं हवं, नाहीतर तो शोभेचा.

केबलबद्दल थोडक्यात : तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल पीओईसाठी घेऊ नका. गिगाबिट पोर्ट १००वर अडकला असेल तर चारपैकी एखादी जोडी सुटलेली आहे, क्लिप पुन्हा क्रिंप करा.

काही अडलं तर

एकेक संशयित वेगळा काढा. हब आणि एक उपकरण, दोनच केबली, मध्ये साधा सेटिंग्ज नसलेला स्विच. त्यावर चाललं तर दोष मोठ्या स्विचचा किंवा त्याच्या सेटिंगचा. तिथेही नाही चाललं तर स्विचला निर्दोष सोडा. यासाठी पाच पोर्टांची एक स्वस्तातली डबी मी कपाटात ठेवलीय, सोबत अडॅप्टर आणि दोन केबली रबरबँडने बांधून. आई तिला स्टेपनी म्हणते.