‘यू’वाचून ‘क्यू’: स्क्रॅबलच्या नव्या खेळाडूंसाठी

अक्षरांच्या सोंगट्या पटावर मांडून शब्द जुळवण्याच्या इंग्रजी स्क्रॅबलच्या स्पर्धांत उतरू पाहणारे नवे खेळाडू शब्दांचा अभ्यास कोठून सुरू करावा असे विचारतात, तेव्हा मी त्यांना आधी दोन अक्षरी शब्दांची संपूर्ण यादी आणि तिच्यापाठोपाठ ‘यू’च्या मदतीवाचून लिहिले जाणारे ‘क्यू’चे लहान शब्द पाठ करण्यास सांगतो. पहिल्या यादीचे महत्त्व कोणीही सांगेल. दुसऱ्या यादीकडे मात्र नवे लोक बराच काळ दुर्लक्ष करतात, आणि मराठी माणसाला तर ती इतरांपेक्षा सोपी असते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

खेळातील 100 सोंगट्यांपैकी ‘क्यू’ची सोंगटी एकच असून तिचे 10 गुण आहेत. ‘यू’च्या सोंगट्या केवळ 4 आणि कोणत्याही अक्षराऐवजी चालणाऱ्या कोऱ्या सोंगट्या 2; उलट ‘ए’ आणि ‘आय’ प्रत्येकी 9 आहेत. त्यामुळे ‘यू’ची वाट पाहत बसणारा खेळाडू हातातील सात सोंगट्यांपैकी एक जागा अनेक फेऱ्या अडवून ठेवतो, आणि डाव संपताना ‘क्यू’ हातात उरला तर प्रतिस्पर्ध्याशी असलेल्या गुणांच्या हिशोबात 20 गुणांचा फरक पडतो. ‘ए’ किंवा ‘आय’ यांच्या आधारे ‘क्यू’ खेळता येणे म्हणूनच मोलाचे आहे.

या गटातील सर्वांत उपयोगी शब्द ‘क्यू-आय’. उच्चार ‘ची’, अर्थ चिनी विचारपरंपरेतील प्राणशक्ती. ‘क्यू’ असलेला हा एकमेव दोन अक्षरी शब्द आहे. पटावर आधीच असलेल्या एखाद्या ‘आय’शेजारी तिप्पट अक्षरगुणांचे घर रिकामे असेल आणि आपल्या हातातही ‘आय’ असेल, तर ‘क्यू’ त्या घरात ठेवून आडवा आणि उभा असा हाच शब्द एकाच खेळीत दोनदा करता येतो. प्रत्येकी 31 म्हणजे एकूण 62 गुण. अशा जागा ओळखण्याची नजर सुरुवातीपासूनच लावून घ्यावी.

‘क्यू’मागे ‘यू’ येण्याची रीत इंग्रजीत लॅटिन आणि फ्रेंचच्या वळणाने रुजली. 1066 मधील नॉर्मन विजयापूर्वी राणीसाठीचा शब्दसुद्धा ‘सी-डब्ल्यू’ने लिहिला जात असे. नंतरच्या काळात अरबी, हिब्रू, चिनी अशा भाषांमधून आलेल्या शब्दांना हा नियम लागू पडला नाही. विशेषतः अरबीतील घशातून उच्चारला जाणारा ‘क़’ रोमन लिपीत ‘क्यू’ने दाखवतात, आणि तेच शब्द फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीतही पोहोचलेले आहेत. भारतातील स्पर्धांमध्ये वापरल्या जाणाऱ्या कॉलिन्सच्या (मान्य शब्दांच्या) यादीत म्हणून आपल्याला फकीर (एफ-ए-क्यू-आय-आर), तलाक (टी-ए-एल-ए-क्यू), वक्फ (डब्ल्यू-ए-क्यू-एफ), नकाब (एन-आय-क्यू-ए-बी), कोरमा (क्यू-ओ-आर-एम-ए), इतकेच काय, कव्वाल आणि कव्वालीही भेटतात. परदेशी खेळाडू ज्या अक्षररचना घोकून पाठ करतो, त्यांचे अर्थ आपण लहानपणापासून जाणतो.

काही शब्दांची ओळख मात्र मुद्दाम करून घ्यावी लागते. ‘क्यू-ए-टी’ हे येमेन आणि इथिओपियात चघळल्या जाणाऱ्या उत्तेजक पानांचे नाव. ‘एस-यू-क्यू’ म्हणजे अरबी बाजार. यात ‘यू’ आहे, पण तो ‘क्यू’च्या आधी येतो. ‘क्यू-ओ-पी-एच’ हे हिब्रू लिपीतील एक अक्षर. ‘क्यू-ए-एन-ए-टी’ म्हणजे इराणी पद्धतीचा भूमिगत जलमार्ग. मलिक अंबरने छत्रपती संभाजीनगरला पाणी पुरवण्यासाठी बांधलेली नहर-ए-अंबरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा शब्द पुन्हा विसरता येणार नाही. ‘क्यू-ए-आय-डी’ म्हणजे नेता (‘कायदे आझम’मधील ‘कायद’ तो हाच) आणि ‘क्यू-ए-डी-आय’ म्हणजे काझी. चार अक्षरे तीच, केवळ क्रम वेगळा, म्हणून ही जोडी एकत्रच लक्षात ठेवावी. पटावरील मोकळी जागा ‘डी’ने संपणारा शब्द मागते की ‘आय’ने, हे पाहून दोहोंपैकी एक निवडता येतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आपल्या कानाला ‘क’ ऐकू आला म्हणून यादीत ‘क्यू’ असेलच असे नाही, आणि काझीतील ‘झ’साठी वरच्या शब्दात ‘झेड’ नसून ‘डी’ आहे. ओळखीचा शब्दही यादीत प्रत्यक्ष पाहिल्यावाचून खेळू नये, कारण प्रतिस्पर्ध्याने हरकत घेतली आणि शब्द अमान्य ठरला तर ती खेळी शून्य गुणांची होते.

अर्थ पाठ करण्याची गरज काय, असा प्रश्न हमखास येतो. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी फ्रेंच बोलता येत नसताना 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे विश्वविजेतेपद मिळवले, हे उदाहरणही दिले जाते. त्यांच्या स्मरणशक्तीविषयी मला नितांत आदर आहे. पण सामान्य अभ्यासकाला अर्थाचा आधार फार उपयोगी पडतो असे माझे ठाम मत आहे. वरील शब्द नामे आहेत हे ठाऊक असले, की क्यू-आय, क्यू-ए-टी, एस-यू-क्यू, फकीर, वक्फ या सर्वांना शेवटी ‘एस’ लागतो हे वेगळे पाठ करावे लागत नाही. याउलट ‘क्यू-यू-ए’ या शब्दाचा अर्थ ‘च्या नात्याने’ असा आहे. तो नाम नसल्यामुळे त्याला ‘एस’ जोडता येत नाही.

अभ्यास रोज थोडा करावा, आणि अक्षरे वर्णानुक्रमे मांडून त्यांतून शब्द ओळखण्याची पद्धत वापरावी, कारण प्रत्यक्ष डावात अक्षरे विस्कळीतच येतात. पिशवीत थोड्याच सोंगट्या उरल्या असतील आणि ‘क्यू’ अजून दिसलेला नसेल, तर हातातील शेवटचा ‘आय’ सहसा खर्च करू नये, आणि पटावर ‘क्यू-आय’ बसेल अशी निदान एक जागा आपल्यासाठी मोकळी राहील हे पाहावे. ‘क्यू’ प्रतिस्पर्ध्याकडे अडकला आहे अशी खात्री झाली, तर नेमकी तीच जागा सर्वांत आधी बंद करावी.