सिंगापुरातील नोकरी आणि शनिवार-रविवारची सवड

2018 च्या जानेवारीत मी सिंगापुरात स्थापत्य अभियंता म्हणून रुजू झाले. मूळ गाव कोल्हापूर, मधली चार वर्षे पुण्यात गेलेली. माझ्या आधी येथे आलेल्या प्रत्येकाने मला एकच गोष्ट बजावली होती, ती म्हणजे येथून सगळे जवळ आहे, तेव्हा शनिवार-रविवार घरात बसून वाया घालवू नकोस. ते खरेच होते, पण मी ते जरा जास्तच मनावर घेतले. पहिल्या वर्षी मलाक्का, पेनांग, बातम, बँकॉक असे महिन्याआड कुठे ना कुठे जाणे झाले आणि दर वेळी व्हिसाचे पैसे, बोटीचे किंवा विमानाचे भाडे आणि हॉटेल यांचा हिशेब 'एवढा पगार आहे, होऊ दे खर्च' या एका वाक्यात मिटत असे. पुढच्या वर्षी करखात्याचे पत्र आले तेव्हा तो हिशेब पुन्हा उघडावा लागला.

भारतात पगारातून दरमहा कर कापून घेतला जातो आणि हातात येते ते आपलेच असते, अशी आपली सवय असते. सिंगापुरात तसे होत नाही. वर्षभर पूर्ण पगार खात्यात जमा होतो, पुढच्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये विवरण भरले जाते आणि त्यानंतर मागील सबंध वर्षाचा कर एकदम मागितला जातो. बँकेला कायमची सूचना देऊन तो बारा बिनव्याजी हप्त्यांत भरता येतो, हे मला एका सहकारी बाईंनी सांगितले म्हणून मी वाचले. नव्याने येणाऱ्याने पहिल्या पगारापासूनच कराची अंदाजे रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी आणि सहलींचे बेत उरलेल्या पैशांतून आखावेत. नोकरी सोडून देशाबाहेर जाण्याची वेळ आली तर मालकाला ते किमान एक महिना आधी करखात्याला कळवावे लागते आणि कराचा निकाल लागेपर्यंत आपला देय पगार त्याच्याकडेच अडकून राहतो, हेही लक्षात ठेवावे. भारतातील बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घेण्याचे काम तर बहुतेक जण वर्षानुवर्षे पुढे ढकलतात. ते निघण्यापूर्वीच उरकावे.

येथील वास्तव्य ज्यावर उभे असते तो रोजगार पास एका ठराविक मालकाशी बांधलेला असतो. नोकरी गेली की तो रद्द होतो आणि दुसरी नोकरी शोधायला किंवा घर आवरायला साधारण 30 दिवस मिळतात. त्यामुळे तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत समुद्रकिनाऱ्यावरील हॉटेले नुसती पाहून ठेवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. जोडीदाराला आणायचे असेल तर आपला ठराविक मासिक पगार किमान 6,000 सिंगापूर डॉलर असावा लागतो आणि 2021 च्या मे महिन्यापासून जोडीदाराला नोकरी करायची असल्यास स्वतःचा वेगळा पास काढावा लागतो.

या शेवटच्या नियमाचा शनिवार-रविवारशी काय संबंध, असे वाटेल. माझा नवरा 2021 च्या सप्टेंबरमध्ये पुण्यातील नोकरी सोडून येथे आला आणि त्याला काम मिळायला अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत आठवडाभर बांधकामावर उन्हात उभी राहिलेली मी शनिवारी उशिरापर्यंत झोपू पाहत असे आणि आठवडाभर चार भिंतींत काढलेला तो सकाळी सातलाच बूट घालून दाराशी उभा असे. आमची जी काही भांडणे झाली, त्यांपैकी बरीच शनिवारी सकाळीच झाली. अखेर शनिवार घरचा आणि रविवार बाहेरचा असा तह झाला, आणि त्या तहातूनच आम्हाला उबिन सापडले.

पुलाऊ उबिन हे सिंगापूरच्या ईशान्येला असलेले छोटे बेट आहे. चांगी पॉइंटच्या धक्क्यावर तिकीटही नाही आणि वेळापत्रकही नाही. बारा माणसे जमली की लाकडी बोट सुटते आणि नावाडी माणशी 4 डॉलर रोख घेतो. पहिल्याच रविवारी आम्ही अकरा जण बाकांवर बसून बाराव्याची वाट पाहत होतो. कुणी घड्याळ पाहत नव्हते, एक आजोबा सायकलच्या साखळीला तेल देत होते आणि नावाडी वर्तमानपत्र वाचत होता. वडापच्या जीपमध्ये शेवटचे सीट भरेपर्यंत ताटकळण्याची सवय असलेल्या कोल्हापूरच्या माणसाला यात नवे काही नव्हते. मिनिटामिनिटाने चालणाऱ्या या शहरात मात्र तसे थांबायला मिळाल्याने मला फार बरे वाटले. बेटावर भाड्याच्या सायकली मिळतात. ग्रॅनाइटच्या जुन्या खाणींत पाणी साचून तळी झाली आहेत आणि पूर्व टोकाला चेक जावाच्या पाणथळीवर लाकडी पायवाट बांधलेली आहे. ओहोटीच्या वेळा आधी पाहून जावे, नाहीतर तेथील खेकडे आणि शंख पाण्याखालीच राहतात. खाण्याच्या प्लास्टिकच्या पिशव्या सायकलच्या हँडलला अडकवू नयेत. आमच्या दशम्या एका रानडुकराने पिशवीसकट ओढून नेल्या आणि तिळाची चटणी मागे ठेवली.

घर भाड्याने घेण्याविषयी थोडक्यात सांगते. सरकारी वसाहतीतील सदनिकेचा करार किमान सहा महिन्यांचा असतो आणि करारावरील मुद्रांक शुल्क भाडेकरूलाच भरावे लागते. दोन वर्षांचा करार करत असाल तर नोकरी गेल्यास किंवा बदली झाल्यास मधूनच घर सोडण्याचे कलम त्यात आहे की नाही, ते सही करण्यापूर्वी वाचावे.

रजेचा विषय अधिक महत्त्वाचा आहे. कायद्याने पहिल्या वर्षी फक्त 7 दिवसांची भरपगारी रजा मिळते. बऱ्याच कंपन्या त्याहून जास्त देतात, पण तीही पुण्यातील कचेरीच्या मानाने तोकडीच वाटते. सार्वजनिक सुट्ट्या 11 असतात. त्यांतील दिवाळीची सुट्टी तमिळ प्रथेप्रमाणे बहुधा नरक चतुर्दशीला येते, त्यामुळे पहाटेचे अभ्यंगस्नान सावकाश होते आणि लक्ष्मीपूजन दुसऱ्या दिवशी आले तर त्याला मात्र कामावरून धावत घरी यावे लागते. मी माझी रजा गणपतीसाठी राखून ठेवते आणि फिरणे फक्त सुट्टीला जोडून आलेल्या शनिवार-रविवारी करते. त्यातही चिनी नववर्षाचे दोन दिवस टाळते, कारण तेव्हा येथील दुकाने बंद असतात आणि सारे शहर मलेशियातील जोहोरला जाणाऱ्या पुलावर उभे असते.

हा पूल, म्हणजे वुडलँड्सचा कॉजवे, 1924 साली पूर्ण झाला. त्याची लांबी जेमतेम एक किलोमीटर आहे आणि शुक्रवारी संध्याकाळी तो ओलांडायला तीन तास लागू शकतात. करोनाच्या साथीत तो जवळजवळ दोन वर्षे सामान्य प्रवाशांसाठी बंद होता. भारतीयांसाठी मलेशियाचा व्हिसा 2023 च्या डिसेंबरपासून माफ झाला, तरी पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत आगमनाचा ऑनलाइन अर्ज भरावाच लागतो. 2024 मध्ये आम्ही मलाक्काला निघालो तेव्हा नवऱ्याच्या अर्जात दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली होती. खिडकीवरच्या अधिकाऱ्याने शांतपणे अर्ज परत भरायला सांगितले, फोनला नेट मिळेना, आणि आम्ही बाहेर येईपर्यंत आमची बस छत्री आणि पाण्याच्या बाटलीसह निघून गेलेली होती. लांब पल्ल्याच्या बसगाड्या चौकीपलीकडे ठराविक मिनिटेच थांबतात, आणि त्यांचे तसे वागणे गैर नाही. तेव्हापासून आम्ही 170 क्रमांकाच्या साध्या बसने पूल ओलांडून जोहोरच्या लार्किन स्थानकावर जातो आणि तेथून मलाक्काची बस पकडतो. साध्या बसचा फायदा असा की एक चुकली तर मागून येणारी त्याच नंबरची दुसरी चालते. निघायचे मात्र शनिवारी पहाटे, शुक्रवारी कदापि नाही.

मलाक्का सिंगापूरपासून सुमारे 240 किलोमीटरवर आहे आणि गोवा पाहिलेल्या मराठी माणसाला ते अगदीच परके वाटत नाही. आफोन्सो द आल्बुकेर्क याने 1510 साली गोवा घेतला आणि दुसऱ्याच वर्षी मलाक्का. पुढे 1641 मध्ये ते डचांकडे आणि 1824 च्या तहाने इंग्रजांकडे गेले. डचांचे लाल चर्च आणि रात्रीचा जोंकर स्ट्रीटचा बाजार सगळेच पाहतात. मी पाहुण्यांना आधी टेकडीवरील सेंट पॉलच्या छप्पर नसलेल्या चर्चमध्ये नेते. तेथे जमिनीत जाळीने झाकलेला एक रिकामा खड्डा आहे. सेंट फ्रान्सिस झेवियर 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ वारले, त्यांचा देह 1553 मध्ये येथे आणला गेला आणि काही महिन्यांनी येथून गोव्याला नेण्यात आला. बाहेर उभ्या असलेल्या त्यांच्या पुतळ्याचा उजवा हात मनगटापासून तुटलेला आहे. आईला आणले तेव्हा ती जाळीपाशी बराच वेळ उभी राहिली, कारण शाळेच्या सहलीत जुन्या गोव्याला त्यांचा देह ठेवलेली चांदीची पेटी तिने पाहिलेली होती आणि या गोष्टीचे आधीचे टोक असे अचानक समोर येईल, अशी तिची कल्पना नव्हती. खाली उतरल्यावर तिला चेंदोल दिले. बर्फ, नारळाचे दूध आणि वरून ताडगुळाचा काळसर पाक. गूळ आमच्याकडचा चांगला, असा निकाल तिने दिला, पण वाटी संपवली.

आई-वडिलांना असे बाहेर नेणार असाल तर त्यांचा सिंगापूरचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हे आधी पाहावे, नाहीतर परतीच्या चौकीवर फार वाईट प्रसंग ओढवतो.

बातम बोटीने तासाभरावर आहे आणि सिंगापूरचे सहकारी तेथे सहज जेवायलाही जातात. त्यांना इंडोनेशियाचा व्हिसा लागत नाही. भारतीय पासपोर्टला मात्र तो आल्यावर घ्यावा लागतो आणि त्याचे माणशी 5,00,000 रुपिया मोजावे लागतात, म्हणजे दोघांच्या व्हिसातच एका रात्रीच्या हॉटेलाचे पैसे गेले. तेथे गेलो तर आम्ही दोन रात्री राहतो आणि तेही वर्षातून एकदाच. रविवारी परतताना दुपारची बोट घेतो. कपडे मशीनमध्ये पडले की संध्याकाळी साडेसातला, म्हणजे कोल्हापुरात पाच वाजता, आईचा चहा होत असतो आणि फोनवर निवांत बोलता येते.