उन्हाळ्यात डोंगरातली पांढरी फुलं ओळखताना आणि फोटो काढताना

चैत्र-वैशाखात डोंगर करपलेला, तेव्हा फुलं बघायला भाद्रपदातच जावं, असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही. उन्हाळ्यात फुलं जमिनीवर नसतात, झाडाझुडपांवर असतात. कर्जतहून कोंडाणे लेण्यांच्या वाटेने राजमाची चढताना नजर जरा वर ठेवा. पळस-पांगारा लांबूनही ओळखू येतात, खरा घोळ होतो तो पांढऱ्या फुलांत. करवंद, कुडा, गेळा, कुसर या सगळ्यांची पानं समोरासमोर येतात, त्यामुळे नुसत्या पानांवरून भागत नाही.

मी आधी काटा आणि चीक बघते. पानाचं टोक किंचित खुडा (बोट डोळ्याला लावू नका). चीक आला आणि काटेही असले तर करवंद. त्याचा काटा बरेचदा टोकाला दुभंगलेला असतो. काटे आहेत पण चीक नाही, आणि एकाच फांदीवर पांढरी नि पिवळट फुलं दिसतायत, तर तो गेळा. त्याचं फूल पांढरं उमलतं आणि जुनं होताना पिवळं पडतं. काटा नाही, चीक नाही, वेल आहे, सुवास आहे आणि पाकळ्या पाचापेक्षा जास्त आहेत, तर कुसर.

चीक आहे पण काटा नाही, म्हणजे बहुधा कुडा. पण कुठला? फुलाच्या मध्यात बघा. पांढऱ्या तंतूंची झालर असेल तर काळा कुडा, मध्य मोकळा असेल तर पांढरा. शेंगा मिळाल्या तर आणखी बरं. काळ्याच्या जोडशेंगा कोवळ्या असताना टोकाला जुळलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात. कोकणात पांढऱ्या कुड्याच्या फुलांची, शेंगांची भाजी करतात. पण भाजीसाठी फोटोवरून ओळख पक्की करू नका, गावातल्या जाणत्या बाईला फांदीच दाखवा.

म्हणूनच फुलाचा समोरून काढलेला एकच देखणा फोटो मला अपुरा वाटतो. अख्खं झाड, पानं फांदीला कशी लागलीत ते, फूल समोरून, फूल बाजूने (पाकळ्यांखालची नळी किती लांब ते कळायला) आणि शेंग किंवा काटा, एवढं सगळं घ्या.

उन्हात काढलेल्या फोटोत पांढरी पाकळी जळून सपाट पांढरा ठिपका होते. मोबाइलवर पाकळीवर बोट टेकवा आणि पाकळीच्या शिरा दिसेपर्यंत उजेड कमी करा. कॅमेऱ्यात एक्स्पोजर (फोटोतला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे १ च्या आसपास ठेवून बघा. सोबत्याला छत्री धरायला सांगा, सावलीत पांढरा रंग फार सुरेख येतो. मागे सावलीतला कातळ येईल असं बसा. मोबाइल फुलाला चिकटवू नका, त्याचीच सावली पडते. थोडं मागे सरून दुप्पट झूम करा. वाऱ्याने फांदी हलत असेल तर शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवा. सकाळी सातला वाटेला लागलात तर मऊ उजेड मिळतो, दहानंतर छत्रीशिवाय गत्यंतर नाही.

मेअखेरीस झाडांच्या बेचक्यांत सीतेची वेणी लोंबताना दिसेल. पांढऱ्यावर जांभळे ठिपके असलेली ही आमरी (ऑर्किड) खालूनच झूम करून टिपा. फोटो कुठेही टाकताना नेमकं झाड आणि जागा लिहू नका, लोक ती खोडासकट ओरबाडून नेतात. तालुका आणि तारीख लिहिली तरी ओळखीला पुरते.