आधी बँकेत जा, मग शिष्यवृत्तीचा अर्ज भरा

निकाल लागले की माझ्या ओट्यावर मुली यायला लागतात. सोबत आई, एखादीचा मामा, आणि पिशवीत सगळे कागद. पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, अर्जात काय काय लिहायचं?" मी उलट विचारते, "तुझं आधार कुठल्या बँकेला जोडलंय?" पिशवीतून पासबुक निघतं. "ह्याच." "कशावरून?" यावर सगळे एकमेकांकडे बघतात.

शिष्यवृत्ती कशी मिळवावी यावर बोलणारे पुष्कळ झालेत. जिद्द ठेवा, मुदत चुकवू नका, फोटो स्पष्ट काढा. मिळालेले पैसे तिच्याच हातात कसे पडतील, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून बाकीचं मी थोडक्यात उरकते.

योजना निवडणं. डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला पहिल्या वर्षात असाल, कॉलेज एआयसीटीईमान्य (म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची मान्यता असलेलं) असेल आणि घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर केंद्राची प्रगती शिष्यवृत्ती बघा. वर्षाला 50,000 रुपये, एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत. थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतलेल्यांनाही चालते, पण पहिल्या वर्षापासून शिकणारीला दुसऱ्या वर्षी आठवण झाली तर उपयोग नाही. राज्याच्या योजना महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर आहेत. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि इतर मागास प्रवर्गातल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून गेलात तर नाही, खासगी अभिमत विद्यापीठात गेलात तरी नाही. आणि माफी फीची आहे, मेसच्या डब्याची नाही. अनुसूचित जातीतल्या मुलींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिथे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. दोन ठिकाणी अर्ज ठोकण्याआधी दोन्हींची नियमावली वाचा. एकाच शिक्षणासाठी दोन सरकारी शिष्यवृत्त्या बहुधा चालत नाहीत.

दाखले. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा हवा, मागच्या वर्षीचा 31 मार्चला मेला. लग्नामुळे किंवा बाळंतपणामुळे शिक्षणात खंड पडला असेल तर खंडाचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं आडनाव आणि आधारवर सासरचं, असं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत बरोबर ठेवा. बाकी नेहमीचेच कागद.

आता बँक. इथे मी सावकाश सांगणार आहे, कारण इथेच मी आपटले.

लग्न मोडून माहेरी आल्यावर मी डिप्लोमाला प्रवेश घेतला. मुलगा तेव्हा दोन वर्षांचा. शिष्यवृत्ती मंजूर झाली, पोर्टलवर रक्कम जमा झाल्याचं दिसायला लागलं, आणि माझं पासबुक कोरडं. कॉलेज म्हणे बँकेत विचारा, बँक म्हणे कॉलेजात विचारा. दोन महिने अशा चकरा मारल्यावर काउंटरवरच्या एका बाईंनी संगणकात बघून सांगितलं, "तुमचं आधार आमच्याकडे नाहीच, दुसऱ्या बँकेत आहे." डोक्यात लख्ख उजेड पडला. लग्नाच्या पहिल्या वर्षी सासरच्या गावात गॅसच्या सबसिडीसाठी खाती काढायचं शिबिर होतं. सासूबाईंनी अंगठा लावायला नेलं, मी लावला. ते खातं, त्याचं एटीएम कार्ड, त्याला लावलेला मोबाइल नंबर, सगळं तिकडेच राहिलं होतं. माझा पहिला हप्ता त्या खात्यात गेला आणि तीन खेपांत एटीएममधून निघालाही. तक्रार केली नाही. का, ते विचारू नका.

यातली यंत्रणा अशी. सरकार पैसे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर पाठवत नाही, आधार क्रमांकावर पाठवतं. कुठल्या आधारचे पैसे कुठल्या बँकेला द्यायचे, याची नोंद एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधल्या पैशांची देवाणघेवाण चालवणाऱ्या संस्थेकडे असते. या नोंदीत एका आधारपुढे एकच बँक मावते, आणि सगळ्यात शेवटी जिथे जोडणी झाली ती बँक आधीचीला पुसून टाकते. म्हणजे चार खाती असली तरी पैसे एकाच ठिकाणी जाणार. ते ठिकाण तुम्ही ठरवलेलं असेलच असं नाही, शेवटच्या शिबिरात ज्याने तुमचा अंगठा घेतला त्यानेही ठरवलेलं असू शकतं. लाडकी बहीणच्या वेळी घाईघाईने नवी खाती काढलेल्या बायकांनी तर हे आधी तपासावं.

बँकेत "आधार लिंक आहे का?" असं विचारू नका. उत्तर नेहमी "आहे" असंच येतं, आणि ते खोटंही नसतं, कारण केवायसीला, म्हणजे खातेदाराची ओळख पटवायला, आधार दिलेलं असतंच. पण केवायसीचं आधार वेगळं आणि डीबीटीचं, म्हणजे थेट खात्यात येणाऱ्या सरकारी पैशांसाठीचं, सीडिंग (जोडणी) वेगळं. शब्द नेमका वापरा: "डीबीटीसाठी आधार सीडिंग करायचं आहे." त्याचा फॉर्म वेगळा असतो. आधार आधीच दुसऱ्या बँकेला जोडलेलं असेल तर त्या बँकेचं नाव लिहून, ते इथे हलवायला संमती द्यायची जागा त्यात असते. ती कोरी ठेवली की फॉर्म फाइलमध्ये जातो आणि पुढे काही होत नाही. पोचपावती घ्या. शिक्का नसेल तर ती पावती नव्हे. हलवाहलव एनपीसीआयच्या संकेतस्थळावरून ऑनलाइनही करता येते, पण पहिल्यांदा करणारीने काउंटरवरच करावं असं माझं मत आहे.

आठवड्याभराने स्वतः तपासा. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या माय आधार संकेतस्थळावर लॉगिन केलं की बँक सीडिंग स्टेटस दिसतं: बँकेचं नाव, जोडणी चालू आहे की नाही, शेवटचा बदल कधी झाला. बँकेचं नाव बरोबर दिसलं की त्या पानाचा फोटो काढून ठेवा. कुणी तोंडी "झालंय हो" म्हटलं तर त्यावर जाऊ नका. मी तीनदा गेले आहे.

आणि इथे निम्म्या मुली अडतात, कारण लॉगिनचा ओटीपी येतो वडिलांच्या फोनवर. नाहीतर भावाच्या, नवऱ्याच्या, किंवा कधीच बंद पडलेल्या सिमवर. वडील शेतात, फोन वडिलांकडे, ओटीपीची मुदत संपते. भल्या घरातही हे होतं, मग जिथे शिकण्यालाच विरोध आहे तिथे काय होत असेल ते बघा. म्हणून सगळ्यात आधी, खात्याच्याही आधी, आधारला स्वतःचा मोबाइल नंबर लावून घ्या. आधार केंद्रावर जायचं, बोटं टेकवायची, नाममात्र शुल्क भरायचं, कागद एकही लागत नाही. टपाल खात्याचे पोस्टमनही हे काम घरी येऊन करून देतात. "घरात एकच नंबर पुरे की" असं घरचे म्हणतील. म्हणू द्यात.

खातं कसलं हवं, यावर मी अजिबात ऐकून घेत नाही. एकटीच्या नावाचं. संयुक्त नको. शाळेत असताना वडिलांबरोबर काढलेलं अज्ञान मुलाचं खातं नको, अठरा पूर्ण झाल्यावर त्याचे कागद बदलावे लागतात आणि ते कुणीच बदललेले नसतात. पूर्ण केवायसी न करता काढलेलं छोटं खातंही नको. त्यातून महिन्याला 10,000 च्या वर काढता येत नाहीत. प्रगतीचे 50,000 आले तरी एकदम हातात पडणार नाहीत. कार्ड स्वतःकडे, पिन डोक्यात. मागच्या वर्षी एका मुलीने पिन पासबुकाच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिला होता आणि पासबुक देवघरात ठेवलं होतं. मी तिथेच खोडायला लावला.

बँक संपली. उरलं ते सोपं.

अर्ज. महाडीबीटी असो की राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल, आधारवरचं नाव जसंच्या तसं. सायबर कॅफेवाल्याने भरला तरी पासवर्ड तुमच्या वहीत हवा, त्याच्या नाही.

कॉलेज. अर्ज भरला म्हणजे झालं नाही, कॉलेजच्या लॉगिनमधून तो पुढे सरकावा लागतो. शिष्यवृत्ती विभागातल्या कारकुनाला आठवड्यातून एकदा तोंड दाखवा. भांडू नका, नुसतं दिसत राहा.

खासगी न्यास. पुण्याच्या लीला पूनावाला फाउंडेशनसारख्या संस्था मुलींच्या उच्च शिक्षणाला मदत करतात, त्यांच्याकडे मुलाखत असते. तिथे रडगाणं नको आणि खोटा ताठाही नको, आकडे सांगा. आई मशीनवर महिन्याला किती कमावते, भाडं किती, कॉलेजची फी किती, तूट किती. एक विधवा बाई दोन लेकरं सांभाळून बीएड करत होती. तिला मी हाच हिशेब एका पानावर मांडायला लावला. मुलाखतीत दुःखाबद्दल तिला फारसं विचारलंच नाही, त्या पानावर मात्र पंधरा मिनिटं बोलणं झालं.

नूतनीकरण दर वर्षी करावं लागतं, निकाल लागल्यावर लगेच. त्याआधी सीडिंग स्टेटस पुन्हा उघडून बघा. मधल्या वर्षात कुणीतरी तुम्हाला नव्या खात्याच्या शिबिराला नेलेलं असतं.