उद्यमबागेतलं बीड आणि चार थरांची पट्टी

माझे बाबा बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत होते, त्यामुळे घरात बोलणं कायम बिडाचं. बिडाची पट्टी उभी कापा की आडवी, ताठपणा सारखाच. एम.टेक.च्या प्रकल्पाला मी थरांचं कंपोझिट घेतलं (राळेत बसवलेल्या तंतूंचे पातळ थर एकावर एक चिकटवून केलेलं साहित्य, म्हणजेच लॅमिनेट), तेव्हा बाबांनी विचारलं, "एकाच पट्टीचा ताठपणा दोन बाजूंना दोन तऱ्हेचा कसा काय रे?" खानापूरकडचं जळण फोडलेल्या कुणालाही याचं उत्तर ठाऊक असतं. धाग्याच्या दिशेनं कुऱ्हाड घातली की ओंडका सहज चिरतो, आडवा तोडताना घाम निघतो. या विषयात पाऊल टाकणाऱ्यानं आधी हे मनात पक्कं बसवावं, समीकरणं नंतर.

कार्बन-इपॉक्सीच्या एका थराचा यंग गुणांक, म्हणजे ओढताना दिसणारा ताठपणा, तंतूंच्या दिशेनं साधारण १४० गिगापास्कल असतो, आडव्या दिशेनं जेमतेम १०. आता सारख्या जाडीचे चार थर घ्या. एका पट्टीत ०/९०/९०/०, दुसरीत ९०/०/०/९०; ० म्हणजे तंतू पट्टीच्या लांबीच्या दिशेनं, ९० म्हणजे आडवे. ओढताना दोन्ही सारख्याच ताठ. वाकवताना मात्र पहिली जवळजवळ पावणेपाच पट ताठ! वाकण्यात मध्यापासूनच्या अंतराचा घन मोजला जातो, म्हणून ताठपणाच्या हिशेबात बाहेरच्या दोन थरांच्या गुणांकाला आठातले सात हिस्से वजन मिळतं. हा हिशेब कागदावर अर्ध्या तासात होतो, आणि तो स्वतः केल्याशिवाय पुढं जाऊ नका, असं मी कळकळीनं सांगतो. दोन्ही पट्ट्या करून मी बाबांच्या हातात दिल्या. त्यांनी वाकवून पाहिल्या, उलटून कडा निरखल्या आणि मग तासभर प्रश्न विचारत बसले.

माझी चूक अशी की मी सरळ सॉफ्टवेअर उघडलं होतं. रंगीत चित्रं आली, मी खूश झालो. पंचेचाळीस अंशांच्या थरांचे आकडे प्रयोगाशी जुळेनात, तेव्हा स्वतःचा छोटा पायथन प्रोग्राम लिहिला. त्यातही तीन आठवडे गेले. शिअर स्ट्रेन म्हणजे चौकोन तिरका होण्याचं माप; अभियांत्रिकीतला शिअर स्ट्रेन हा गणितातल्या टेन्सर शिअर स्ट्रेनच्या दुप्पट असतो, आणि कोन फिरवताना तो दोनाचा गुणक माझ्याकडून सुटला होता. तुम्ही प्रोग्राम लिहाल तेव्हा आधी सगळ्या थरांना पोलादाचे गुणधर्म देऊन बघा. साध्या पातळ प्लेटचं उत्तर आलं नाही, तर पुढं जाण्यात अर्थ नाही.

थरांच्या हिशेबातून पट्टीचा ताठपणा सांगणाऱ्या ए, बी, डी अशा तीन मॅट्रिक्स (आकड्यांचे तक्ते) निघतात. त्यांपैकी ए ताणाची, डी वाकण्याची, आणि बी या दोहोंना एकमेकांत गुंतवणारी. मांडणी मध्याच्या दोन्ही अंगांना सारखी असेल, तर बी शून्य. मला बी कळली ती ओव्हनपाशी. नुसत्या ०/९० अशा दोन थरांची पट्टी तापवून, पक्की करून बाहेर काढली आणि ती थंड होता होता नळीच्या कौलासारखी वळली. थर आडव्या दिशेनं जास्त आकसतो, तंतूंच्या दिशेनं फारच कमी. दोन थर एकमेकांना ओढत होते. ती पट्टी अजून माझ्या टेबलावर आहे.

या साऱ्या हिशेबामागचा अभिजात लॅमिनेट सिद्धांत थर एकमेकांना घट्ट चिकटलेले मानतो आणि जाडीतलं शिअर सोडून देतो. पोलादात यंग गुणांक शिअर गुणांकाच्या २.६ पट असतो, कार्बन-इपॉक्सीत तंतूंच्या दिशेनं पंचवीसच्याही वर, म्हणून जाड लॅमिनेटमध्ये हा सिद्धांत खरंच कमी पडतो. तिथं राइस्नर आणि मिंडलिन यांचा शिअर धरणारा सिद्धांत वापरा. मोकळ्या कडेची गोष्ट आणखी निराळी. थर एकमेकांपासून सुटायला बहुधा तिथूनच सुरुवात होते, आणि कडेपासून साधारण लॅमिनेटच्या जाडीएवढ्या पट्ट्यात साध्या शेल एलिमेंटचे (सॉफ्टवेअर मॉडेलचे जे पातळ पत्र्यासारखे तुकडे पाडतं, त्यांचे) आकडे धरून चालू नयेत. तेवढ्या भागाचं त्रिमितीय मॉडेल वेगळं करावं, प्रत्येक थराला जाडीत निदान दोन-तीन एलिमेंट देऊन.