लुईस बेटावर येताय? आधी मेंढ्यांशी जमवून घ्या

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या अलापूलहून सुटलेली बोट पावणेतीन तासांनी लुईसवरच्या स्टॉर्नोवेला लागते. पुढे शहरी अक्कल फारशी चालत नाही. मला इथे अकरा वर्षं झाली, तेव्हा जे सांगतेय ते बहुतेक स्वतःची फजिती करून शिकलेलं आहे.

गावाबाहेर बरेचसे रस्ते एकच गाडी मावेल इतके अरुंद, मधूनमधून बाजूला घ्यायला जागा. तिथे गाडी पार्क करू नका. समोरच्याने वाट दिली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं. नाही उचललंत तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं. रात्री मेंढ्या रस्त्यावरच बैठक मारतात, डांबर ऊब धरून असतं ना. हॉर्नला त्या पुण्यातल्या पादचाऱ्याइतकीच किंमत देतात. आणि कोकरू एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला दिसली तर थांबाच. तुमची गाडी अगदी जवळ आली की त्याला आईची आठवण येते. धडक बसलीच तर थांबणं कायद्याने बंधनकारक आहे. त्या यादीत मेंढी, गाय, घोडा, गाढव, डुक्कर, कुत्रा सगळे आहेत, मांजर नाही!

माझ्या पहिल्या एप्रिलमध्ये कुंपणापलीकडे एक मेंढी चारही पाय वर करून उताणी पडली होती. मला वाटलं, ऊन खातेय. फोटोसुद्धा काढला. तेवढ्यात शेजारच्या आजी गमबूट घालून धावत आल्या. "फोटो काय काढतेस, मरतेय ती!" गाभण किंवा अंगावर लोकर वाढलेली मेंढी उताणी पडली की तिला आपली आपण उठता येत नाही, पोटात वायू धरतो आणि काही तासांत ती दगावते. आजींनी लोकरीत दोन्ही हात खुपसून तिला कुशीवर लोटलं, उभी केली आणि दोन मिनिटं गुडघ्यांत दाबून धरली. लगेच सोडली तर भोवंडून परत पडते. मग मेंढीने तिथेच लघवी केली आणि आमच्याकडे ढुंकूनही न बघता चालती झाली.

घराभोवतीची हिरवळ बघून "आपली जमीन" म्हणायची घाई नको. ती बहुधा कुणाची तरी क्रॉफ्ट, म्हणजे कुळाने कसायला घेतलेली छोटी शेतजमीन, असते. १८८६ च्या कायद्याने क्रॉफ्टरच्या कब्जाला संरक्षण मिळालं. आपल्या कूळकायद्याची आठवण येईल. बदल्यात त्याने क्रॉफ्टपासून ३२ किलोमीटरच्या आत राहायचं आणि जमीन पडीक ठेवायची नाही. गायरान सामाईक असतं आणि कुणाची किती जनावरं चरणार ते ठरलेलं. फाटक जसं दिसलं तसंच ठेवायचं: उघडं तर उघडं, बंद तर बंद. कुत्र्याची दोरी सोडू नका. मेंढ्यांच्या मागे लागला तर दंड ४०,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो.

मेथी लावायची असेल तर पॉलिक्रब बघा. सॅमन-शेतीच्या जुन्या पाइपांचा सांगाडा असलेलं हे कांचघरासारखं प्रकरण इथल्या वाऱ्यालाही दाद देत नाही. माझी उघड्यावरची पहिली मेथी मेंढ्यांनी एका दुपारी साफ केली. गोगलगायींवर मात्र हुशारी करू नका. १९७४ मध्ये दक्षिणेकडच्या साउथ युइस्ट बेटावर कुणीतरी त्यासाठी हेजहॉग, म्हणजे गोगलगायी खाणारे छोटे काटेरी प्राणी, आणले. ते टिटव्यांची अंडी खात सुटले, त्यांना आवरता आवरता नाकी नऊ आले.

चिलटं मे ते सप्टेंबर. वारा पडला की घरात, एवढंच लक्षात ठेवा. रविवारची बोट २००९ पासून चालते, पण इथली धार्मिक मंडळी रविवार विश्रांतीचा पाळतात, तेव्हा त्या दिवशी दोरीवर कपडे अजूनही वाळत घालू नका.

ऑक्टोबरात माझ्या दाराशी मटणाची पिशवी आली, चिठ्ठी नाही, काही नाही. मी मालवणी रस्सा करून आजींना डबा दिला. डबा परत आला तो सहा अंडी घालून. तिखट लागलं का, ते त्या अजून बोललेल्या नाहीत.