नकार आला की आधी कुठे अडलं ते शोधा

सॉफ्टवेअरच्या नोकरीचा नकार आला की मन दोनच गोष्टी सांगतं: माझीच लायकी नाही, नाहीतर तिथे सगळा वशिला चालतो. दोन्हींचा पुढच्या अर्जाला काडीचाही उपयोग नाही. त्याऐवजी हिशेब ठेवा.

स्प्रेडशीटमध्ये सहा रकाने पुरतात: तारीख, पद, अर्ज थेट केला की रेफरलने (कंपनीतल्या कोणाच्या शिफारशीने), कितव्या फेरीपर्यंत पोहोचलात, कुठला प्रश्न अडला, कळवलेलं कारण. मुलाखत संपल्यावर तासाभरात प्रश्न उतरवून काढा. उशीर केला तर तपशील निसटतो आणि फक्त राग उरतो.

वीसेक अर्ज झाले की रकाने वाचा. एकाही ठिकाणाहून फोन आला नसेल, तर अडचण रेझ्युमेत किंवा पदाच्या निवडीत आहे. अशा वेळी बरेच जण कोडिंगचा सराव दुप्पट करतात. तो वाया जातो, कारण कोडिंगपर्यंत गाडी पोहोचलेलीच नसते. 'प्रोजेक्टवर काम केलं' हे वाक्य काढा. काय बांधलं, ते किती जण वापरतात, कशाचा वेळ किती कमी झाला, ते लिहा. जाहिरातीत मागितलेलं काम रेझ्युमेच्या वरच्या एक तृतीयांश भागात दिसलं पाहिजे.

पहिल्या कोडिंग फेरीत अडत असाल, तर ४५ मिनिटांचं घड्याळ लावून, मोठ्याने बोलत सराव करा. पहिली ५ मिनिटं फक्त प्रश्न विचारा: इनपुट किती मोठं, ते रिकामं असू शकतं का, आकडे पुन्हा येतात का. मुकाट्याने बरोबर उत्तर काढणाराही मागे पडतो, कारण त्याने विचार कसा केला हे मुलाखतकाराला लिहिता येत नाही.

शेवटच्या फेरीनंतरचा नकार मात्र वेगळा. तिथे जागा एक आणि लायक उमेदवार तिघे असू शकतात. कधी भरतीच गोठते, कधी आतलाच कोणी त्या जागेवर जातो. या नकारावरून सगळी तयारी उलथून टाकू नका.

नशिबाचा वाटा केवढा, ते मांडून बघा. चार फेऱ्या आहेत आणि प्रत्येक पार करण्याची शक्यता ७० टक्के आहे असं धरा. चारही पार होण्याची शक्यता उरते जेमतेम २४ टक्के. म्हणजे चांगली तयारी असलेला माणूसही चारपैकी तीनदा परत येतो. पण अशा पाच ठिकाणी मुलाखती दिल्या, तर निदान एका ठिकाणी निवड होण्याची शक्यता ७५ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणून एकाच कंपनीवर जीव टांगू नका. मुलाखती शक्यतो एकाच पंधरवड्यात द्या, म्हणजे ऑफर आल्या तर तुलनाही करता येते.

रेफरलने रेझ्युमे माणसाच्या नजरेखाली जाण्याची शक्यता वाढते, मुलाखत तुम्हालाच द्यावी लागते. 'काही असेल तर बघ' असा निरोप पाठवू नका. समोरच्याला त्यावर काहीच करता येत नाही. पदाचा क्रमांक, दोन ओळींत तुम्ही त्या कामाला का योग्य, आणि रेझ्युमे, एवढं एकाच निरोपात द्या. जिवलग मित्रांपुरतं थांबू नका. लिंक्डइनवर सुमारे २ कोटी लोकांवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात घट्ट नात्यांपेक्षा थोड्या सैल ओळखींनी नोकरी बदलायला जास्त मदत केली, असं दिसलं.

आता मत्सराबद्दल, कारण तो तयारीचे दिवस खातो. बरोबरच्या कोणाची निवड झाली की 'त्याच्यात असं काय आहे?' हा प्रश्न येतोच. तो त्याच्याकडेच न्या, पण असा: किती फेऱ्या झाल्या, काय विचारलं, जागा किती होत्या? पगार विचारून राग वाढतो, फेऱ्या विचारून तयारी वाढते. आणि निवड तुमची झाली असेल, तर हे प्रश्न विचारणाऱ्याला पूर्ण उत्तर द्या, रेफरल मिळाला होता हेही लपवू नका.

प्रत्येक नकार नशिबावर ढकलू नये, हेही तितकंच खरं; कधी त्यामागे भेदभाव असतो. अमेरिकेत बॉस्टन आणि शिकागोमध्ये सारखेच रेझ्युमे फक्त नावं बदलून पाठवले, तेव्हा कृष्णवर्णीयांच्या वाटणाऱ्या नावांपेक्षा गोऱ्यांच्या वाटणाऱ्या नावांना सुमारे ५० टक्के जास्त फोन आले. हा अभ्यास २००४ चा. मुलाखतीत लग्न, मूल, वय किंवा धर्माबद्दल विचारलं गेलं, तर प्रश्नाचे शब्द, विचारणाऱ्याचं पद आणि वेळ त्याच दिवशी लिहून ठेवा. पुढे तक्रार करायची ठरली, तर हीच नोंद हाताशी असते.